अमेरिकेत विमान शिकायचंय? टीएसएच्या सिक्युरिटी क्लिअरन्सचा माझा अनुभव (कोल्हापूर ते फ्लोरिडा)

हल्ली कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या मुलामुलींचे मेसेज येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ताई व्हिसा झाला, लोन पण सँक्शन झालं, आता हे टीएसए काय प्रकार आहे आणि त्यात रिजेक्ट झालो तर काय. टीएसए म्हणजे अमेरिकेत विमान शिकायच्या आधी परदेशी माणसाची सुरक्षा तपासणी करणारं तिथलं सरकारी खातं. प्रत्येकाला वेगवेगळं लिहून सांगताना काहीतरी सुटतं म्हणून एकदाच सगळं सलग लिहिते. मी यातली एक्स्पर्ट नाही, फक्त या रस्त्यानं नुकतीच गेलेय. मी गेले तेव्हा मला मराठीत यावर काहीच वाचायला मिळालं नव्हतं, आणि इंग्रजीत जे मिळालं ते निम्मं जुन्या नियमांचं होतं.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे. पप्पांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, कास्टिंगचं मशिनिंग करून देतात. मी बारावी सायन्स करून पुण्यात मेकॅनिकल केलं आणि परत येऊन दोन वर्षं वर्कशॉपमध्येच काम केलं, ऑफिसात बसून नाही, मशीनवर. पायलट व्हायचं डोक्यात शाळेपासून होतं पण पैशांचा विषय निघाला की घरात सगळे गप्प व्हायचे. शेवटी 2024 च्या उन्हाळ्यात पप्पाच म्हणाले, एकदा सगळा हिशोब कागदावर मांड, मग बघू. हिशोब मांडला, घर तारण ठेवून एज्युकेशन लोन काढायचं ठरलं. त्याआधी मी डीजीसीएचं (आपल्याकडचं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) क्लास 2 मेडिकल करून घेतलं. हे तुम्ही पण पहिल्यांदा करा, म्हणजे स्कूलला एक रुपया भरायच्याही आधी. डोळ्यात किंवा कानात काही निघालं तर ते पैसे भरल्यावर कळून उपयोग नाही.

ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या एका स्कूलमध्ये ॲडमिशन घेतली. त्यांच्या पहिल्याच मोठ्या ईमेलमध्ये खाली एक परिच्छेद होता की तुम्ही अमेरिकन नागरिक नसल्यामुळं टीएसएची मंजुरी आल्याशिवाय आम्ही तुम्हाला फ्लाइट ट्रेनिंग देऊ शकत नाही. टीएसए म्हणजे अमेरिकेची ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन, एअरपोर्टवर बॅगा तपासतात तीच. मी तो परिच्छेद घरी वाचून दाखवला तेव्हा पप्पा एकदम शांत झाले आणि म्हणाले, आपल्यावर कसला संशय? त्यांना ते खरंच लागलं होतं. आयुष्यभर कुणाचा एक रुपया बुडवला नाही अशा माणसाला आपल्या पोरीची दुसऱ्या देशाचं सरकार चौकशी करणार हे ऐकायला बरं वाटत नाही.

मग मी ते का आहे हे नीट वाचून काढलं, आणि त्यांना सांगितलं तेच इथं सांगते. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात विमानं चालवणारे जे होते ते अमेरिकेतल्याच फ्लाइट स्कूलमध्ये शिकले होते. त्यातले दोघं, मोहम्मद अट्टा आणि मारवान अल-शेही, फ्लोरिडात व्हेनिस नावाच्या गावात शिकले, आणि त्यांचे स्टुडंट व्हिसाचे मंजुरीचे कागद त्या स्कूलला पोचले मार्च 2002 मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी. एका खात्याला काय माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नाही अशी अवस्था होती. दुसरीकडं ऑगस्ट 2001 मध्ये मिनेसोटातल्या एका स्कूलमधल्या लोकांना झकारियास मुसावी या विद्यार्थ्याचा संशय आला, त्यांनी एफबीआयला कळवलं आणि त्याला अटक झाली. म्हणजे स्कूलच्या माणसांनी डोळे उघडे ठेवले तर काय होऊ शकतं ते पण दिसलं. त्यानंतर कायदा झाला, सुरुवातीला त्यांचं न्याय खातं ही तपासणी करायचं, 2004 पासून ती टीएसएकडं आली. आणि ही तपासणी अमेरिकन नागरिक नसलेल्या प्रत्येकाला आहे, भारतीय असो, जर्मन असो, जपानी असो, अगदी ग्रीन कार्ड असलेल्यांना पण. हे ऐकल्यावर पप्पा म्हणाले, मग बरोबर आहे, आकाशात चावी द्यायच्या आधी बघायलाच पाहिजे. आपल्याकडं पण परदेशी विद्यार्थ्याला विमान शिकवायचं तर सरकारची सुरक्षा मंजुरी लागतेच.

आता एक महत्त्वाची गोष्ट. इंटरनेटवर तुम्हाला एएफएसपी (या तपासणीचं जुनं नाव), कॅटेगरी 1, 2, 3, प्रत्येक ट्रेनिंगला 130 डॉलर असं सगळं वाचायला मिळेल. ते जुनं आहे. नवा नियम 1 मे 2024 ला प्रसिद्ध झाला आणि 30 जुलै 2024 पासून लागू झाला. आता त्याला एफटीएसपी म्हणतात, फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्राम. सगळ्यात मोठा फरक असा की पूर्वी पीपीएलला (प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे पहिलं लायसन्स) वेगळी फी, मग इन्स्ट्रुमेंट रेटिंगला (बाहेर न दिसता फक्त उपकरणं बघून उडवायची परवानगी) परत, मल्टी इंजिनला परत, असं दर वेळी पैसे आणि दर वेळी तपासणी होती. आता एकदा 140 डॉलर भरून तपासणी झाली की ती मंजुरी पाच वर्षांपर्यंत चालते, त्या काळातली पुढची ट्रेनिंग फक्त पोर्टलवर कळवायची असतात. आमच्यासारख्यांना याचा खरंच फायदा आहे, पैशाचा आहेच पण त्याहून जास्त वेळेचा.

व्हिसाचा भाग भराभर सांगते कारण त्यावर भरपूर माहिती मिळते. माझा एम-1 व्हिसा, म्हणजे व्होकेशनल ट्रेनिंगचा. सप्टेंबरमध्ये स्कूलकडून आय-20 (व्हिसासाठी लागणारा ॲडमिशनचा अधिकृत कागद) आला, त्यावर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारची यंत्रणा) 350 डॉलर फी भरली, मग डीएस-160 म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मग व्हिसा फी 185 डॉलर. नोव्हेंबरमध्ये मुंबईची तारीख मिळाली. आदल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू, दोन्ही वांद्रे-कुर्ला भागात. मी आणि पप्पा महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो, मामाकडं डोंबिवलीला राहिलो. मोबाईल आत चालत नाही, सोबत कोणी असेल तर त्यांच्याकडं द्या. मला विचारलं की हेच स्कूल का, पैसे कोण देणार, परत येऊन काय करणार. मी लोनचं सँक्शन लेटर आणि वर्कशॉपचे रिटर्न्स नेले होते, बघितले नाहीत, पण उत्तरं खरी होती त्यामुळं अडखळले नाही. तुम्ही जाल तेव्हा नियम वेबसाइटवर परत बघा, यात सारखे बदल होतात.

इथं बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. व्हिसाला दिलेले ठसे आणि टीएसएचे ठसे यांचा एकमेकांशी संबंध नाही. व्हिसा म्हणजे देशात यायची परवानगी, टीएसए म्हणजे विमानात बसून शिकायची परवानगी. व्हिसा मिळाला म्हणजे टीएसए झालंच असं धरून चालू नका, टीएसएसाठी ठसे परत द्यावेच लागतात.

डिसेंबरमध्ये मी टीएसएच्या पोर्टलवर अकाउंट उघडलं. आमच्या स्कूलचं म्हणणं होतं की व्हिसाचं पान अपलोड करता येईल म्हणून व्हिसा आल्यावरच अर्ज भर. अकाउंट स्वतः उघडा आणि स्वतःच्या ईमेलवर उघडा, हे मी अगदी कळकळीनं सांगते. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं अकाउंट त्याच्या कन्सल्टंटनं स्वतःच्या ऑफिसच्या ईमेलवर उघडलं होतं, फी भरायची सूचना तिकडं येऊन पडली आणि याला पत्ताच नाही, तो इकडं फ्लोरिडात खोलीत बसून रोज स्टेटस कधी बदलणार म्हणून वाट बघत होता. कन्सल्टंट जे काम करून देतो म्हणतो ते सगळं तुम्हाला स्वतःला जमतं, दोन संध्याकाळी शांतपणे बसलं की होतं.

फॉर्ममध्ये नाव, जन्म, नागरिकत्व, पासपोर्ट, व्हिसा, कुठलं ट्रेनिंग, कुठल्या स्कूलमध्ये, कधीपासून, गुन्हा वगैरे काही आहे का, आणि मागच्या पाच वर्षांचे पत्ते. ऐकायला सोपं आहे पण आपल्या लोकांची गाडी तीन ठिकाणी अडते.

पहिलं नाव. आपल्या पासपोर्टवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही गिव्हन नेममध्ये असतं, आडनाव वेगळं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं. बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त अक्षर असतं. टीएसएला नाव द्यायचं ते पासपोर्टवर जसं आहे तसंच, एक अक्षर इकडंतिकडं नाही. आणि दुसरं कुठलं नाव वापरलंय का असं विचारतात तिथं खरं ते सगळं लिहायचं. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर माहेरचं नाव तिथं येणार. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनावाची जागा रिकामी, त्यांनी अमेरिकेचा विचार मनात आल्या आल्या पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा, नाहीतर व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) असं छापून येतं आणि मग प्रत्येक कागदावर ते निस्तरत बसावं लागतं.

दुसरं तारखा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर. 5 ऑगस्ट हे ते 08/05 असं लिहितात. ज्यांची जन्मतारीख 12 च्या आतली आहे त्यांनी सबमिट करायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावावं. मी आईला लावलं, तिला इंग्रजी फार येत नाही पण आकडे तिनं एकेक करून पासपोर्टशी ताडून बघितले.

तिसरं, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ ज्यात गेला ते म्हणजे पत्ते. डिसेंबर 2024 पासून मागं पाच वर्षं म्हणजे डिसेंबर 2019 पर्यंत. त्या काळात मी आधी पुण्यात हॉस्टेलला, मग 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊनमुळं घरी, मग कॉलेज उघडल्यावर कर्वेनगरला कॉट बेसिसवर, मग कोल्हापूर. त्यात जुलै 2021 च्या महापुरात घरात पाणी आलं म्हणून आम्ही सगळे काही आठवडे आत्याकडं राहिलो होतो. आता हे पत्ते म्हणायचे का? कॉट बेसिसचं तर कुठं ॲग्रीमेंट पण नव्हतं, काकू महिन्याला रोख पैसे घ्यायच्या. मी स्कूलच्या सिक्युरिटी कोऑर्डिनेटरला ईमेल केला. हे पद लक्षात ठेवा, नव्या नियमात प्रत्येक स्कूलला असा एक माणूस नेमावाच लागतो आणि टीएसएबद्दलचे प्रश्न त्यालाच विचारायचे, ॲडमिशनवाल्यांना नाही. त्या बाईंनी उत्तर दिलं की जिथं तुम्ही राहायला होता ते सगळं लिहा, कच्चं ॲग्रीमेंट असो नसो, आणि मधे महिन्यांचा गॅप ठेवू नका. पुराच्या वेळचं विचारलं तर म्हणाल्या ते तात्पुरतं होतं, राहतं घर तेच होतं, त्यामुळं घराचाच पत्ता सलग चालेल. माझ्या बाबतीत त्यांनी असं सांगितलं, तुमचं वेगळं असेल तर तुम्ही तुमच्या स्कूलला विचारून घ्या.

कॉलेजचे जुने मेस बिलाचे मेसेज, यूपीआयवर काकूंच्या मुलाला पाठवलेलं भाडं, कुरिअरचे पत्ते, असं सगळं शोधून मी महिने जुळवले. आमच्या मूळ घराचा पत्ता म्हणजे गल्ली, देवळाजवळ, ता. करवीर, असा. फॉर्मला घर नंबर आणि रस्ता पाहिजे. मी पासपोर्टच्या मागच्या पानावर जो पत्ता आहे तोच त्याच स्पेलिंगनं दोन ओळीत टाकला, आणि व्हिसाच्या फॉर्ममध्ये पण तोच टाकला होता. हे फार उपयोगी पडलं. गावाचं स्पेलिंग एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं असं करू नका. मी एक साधी वही केली होती, त्यात नाव, पत्ते, तारखा, पासपोर्ट नंबर सगळं एकदा पक्कं लिहून ठेवलं आणि डीएस-160, स्कूलचा फॉर्म, टीएसए, सगळीकडं त्या वहीतूनच भरलं.

कागद स्कॅन करताना पासपोर्टचे चारी कोपरे दिसले पाहिजेत आणि प्लास्टिकवर लाइटची चमक नको. मोबाईलचा फोटो धुरकट येत होता, शेवटी राजारामपुरीत झेरॉक्सवाल्याकडं जाऊन स्कॅन करून आणलं.

सबमिट केल्यावर अर्ज आधी स्कूलकडं जातो. स्कूलनं पोर्टलवर सांगावं लागतं की हो, ही आमचीच विद्यार्थिनी आणि हे ट्रेनिंग आम्ही देणार आहोत. नाताळच्या सुट्ट्या होत्या त्यामुळं तिथं थोडा वेळ गेला, मी एक नम्र आठवण करणारा ईमेल टाकला आणि झालं. मग टीएसए कागद बघतं, मग फी भरायची सूचना येते. 140 डॉलर म्हणजे तेव्हा साधारण 12 हजार रुपये. कार्डवर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आधीच चालू करून ठेवा आणि बँक वरून थोडे चार्जेस लावते ते धरा. ही फी परत मिळत नाही. सूचना आपल्याकडं रात्री-पहाटे येतात कारण तिकडं तेव्हा दिवस असतो, त्यामुळं रोज सकाळी ईमेल आणि स्पॅम दोन्ही बघायचं. आज्जी रोज चहा घेताना विचारायची, आलं का गं सरकारचं पत्र?

जानेवारी 2025 च्या मध्यात मी निघाले. एम-1 ला आय-20 वरच्या ट्रेनिंग सुरू व्हायच्या तारखेच्या आधी 30 दिवसांत आत जाता येतं. मी मुद्दाम थोडी आधी गेले कारण ठसे अमेरिकेत गेल्यावरच द्यायचे होते आणि ते दिल्याशिवाय पुढं काही हलत नाही. उशिरा जाऊन काही वाचत नाही, उलट वाटच वाढते. पण आधी जाण्याचा खर्च पण धरा, खोलीचं भाडं, किराणा, सगळं डॉलरमध्ये सुरू होतं आणि तुम्ही उडत नसता.

स्कूलमधले पहिले दिवस अवघड गेले. माझ्याबरोबर सुरू केलेल्या एका अमेरिकन मुलानं आपला पासपोर्ट दाखवला, त्यांनी नोंद केली आणि तो दुसऱ्याच दिवशी सेसनात, म्हणजे ट्रेनिंगच्या छोट्या विमानात, बसून उडाला. मी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथं, उभी राहून बघत होते. राग नाही आला, पण घरच्या तारणाचं व्याज रोज वाढतंय हा विचार डोक्यातून जाईना. आमच्याच बॅचमध्ये एक ग्रीन कार्डवाले काका होते, वीस वर्षं अमेरिकेत नोकरी केलेले, ते पण माझ्याच लाईनीत थांबलेले. त्यांच्याशी बोलून बरं वाटलं.

मंजुरी येईपर्यंत इन्स्ट्रक्टरबरोबर विमानातलं किंवा सिम्युलेटरवरचं ट्रेनिंग बंद. पण ग्राउंड स्कूलला मंजुरी लागत नाही. त्यामुळं वाट बघायच्या काळात मी ग्राउंडचे क्लास पूर्ण केले, एफएएचं (अमेरिकेचं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) मेडिकल करून घेतलं आणि पीपीएलची लेखी परीक्षा दिली. 60 प्रश्न असतात, पासिंगला 70 टक्के, फी 175 डॉलर. त्यालाही टीएसएची मंजुरी लागत नाही. हे सगळं आधी उरकल्यामुळं पुढं नुसतं उडायचं राहिलं. एकदोन जण त्या काळात वैतागून खोलीतच बसून होते, तसं करू नका. डेमो फ्लाइट पण चालते, स्कूल दाखवण्यापुरती देतं ती, पण ती ट्रेनिंगमध्ये धरत नाहीत आणि पैसे लागतात, म्हणून मी नाही घेतली.

आता ठसे. ठसे अधिकृत माणसाकडंच द्यायचे, त्याची फी वेगळी. अपॉइंटमेंट घेऊन गेले, तर तिथल्या माणसानं माझी बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, काय काम करतेस? कास्ट आयर्नचा बर (मशिनिंगनंतर राहणारी धारदार कड) काढून काढून आणि कूलंटमध्ये हात घालून माझ्या अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. आमच्या उद्यमनगरात हे घरोघरी आहे, रेशनला आधारचा अंगठा लागत नाही म्हणून आमचे कामगार दरवेळी दोन-तीनदा लावून बघतात. पण ते इथं आडवं येईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यानं ठसे घेतले, पाठवले, आणि काही दिवसांनी पोर्टलवर आलं की ठसे वाचता येत नाहीत, परत द्या.

त्या रात्री मी खूप रडले. वाटलं की झालं, संपलं सगळं. घरी सांगितलं नाही लगेच. दुसऱ्या दिवशी सिक्युरिटी कोऑर्डिनेटर बाईंकडं गेले तर त्या म्हणाल्या, अगं हे रिजेक्शन नाही, ठशांची क्वालिटी कमी पडली एवढंच आहे, शेतकरी, मेकॅनिक, नर्स यांचं नेहमी होतं. हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती, म्हणून इथं ठळक सांगते. ठसे परत मागितले म्हणजे तुमच्याविरुद्ध काही सापडलं असा अर्थ होत नाही.

दुसऱ्या अपॉइंटमेंटच्या आधी त्या माणसानंच सांगितलेलं केलं. आठवडाभर रोज रात्री हाताला जाड क्रीम लावून झोपले, भांडी घासताना ग्लोव्ह्ज घातले, पाणी भरपूर प्यायले. ठसे द्यायच्या दिवशी मात्र क्रीम लावलं नाही, हात कोमट पाण्यानं धुवून नीट कोरडे केले. त्यानं प्रत्येक बोट सावकाश फिरवून घेतलं, खराब आलं की परत. यावेळी ठसे चालले. तुमच्यापैकी कुणी फौंड्री, शेती, गवंडीकाम, गोठ्यातलं काम करत असाल, किंवा आधारला अंगठा लागत नसेल, तर भारतात असतानाच महिनाभर आधीपासून हातांची काळजी घ्यायला लागा.

ठसे पोचले की खरी तपासणी सुरू होते. कागद, फी आणि ठसे सगळं पूर्ण झाल्यावर टीएसएला 30 दिवसांची मुदत आहे असं मला सांगितलं होतं, म्हणजे ते 30 दिवस अर्ज भरल्याच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. बरेच जण डिसेंबरला अर्ज केला म्हणजे जानेवारीत मंजुरी असं धरून तिकीट काढतात आणि मग घाबरतात. माझी मंजुरी फेब्रुवारीच्या शेवटी आली. सकाळी क्लासला निघताना ईमेल बघितला, दोनदा वाचला, आणि कोल्हापुरात तेव्हा संध्याकाळ होती, पप्पा वर्कशॉप बंद करत होते, त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी पहिलं विचारलं, म्हणजे आता नक्की ना? मग शेजारच्या शेडमधल्या लोकांना ओरडून सांगितलं.

त्यानंतर स्कूलनं माझा फोटो काढून पोर्टलवर टाकला. हा फोटो प्रत्येकाचा काढतात, ज्या माणसाला मंजुरी मिळाली तोच माणूस समोर आला आहे हे दाखवायला. पासपोर्ट परत एकदा बघितला आणि त्या आठवड्यात माझा पहिला धडा झाला. त्याबद्दल कधीतरी सविस्तर लिहीन, इथं एवढंच की टेकऑफनंतर इन्स्ट्रक्टरनं कंट्रोल माझ्याकडं दिले तेव्हा माझे हात थरथरत नव्हते, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

अजून एक तपासणी असते जी लोकांना माहीत नसते. सोलो करायच्या, म्हणजे एकट्यानं विमान उडवायच्या आधी स्टुडंट पायलट सर्टिफिकेट लागतं, ते एफएएच्या आयाक्रा या वेबसाइटवरून इन्स्ट्रक्टरमार्फत मागवायचं. 2016 पासून ते देण्याआधी पण टीएसए नाव तपासतं आणि मग कार्ड पोस्टानं येतं. हे अमेरिकन मुलांना पण आहे. सोलोपर्यंत पोचल्यावर अर्ज केला तर तिथं आणखी अडकाल, म्हणून पहिल्या आठवड्यातच करून टाका. या अर्जात पण नाव पासपोर्टप्रमाणंच, आपली ती वही काढायची.

पत्त्यावरून आणखी एक. 6 जानेवारी 2025 पासून ज्यांचा एफएएकडं फक्त परदेशातला पत्ता आहे त्यांना सर्टिफिकेटसाठी अर्ज करताना अमेरिकेतला एक एजंट नोंदवावा लागतो, म्हणजे एफएएची अधिकृत कागदपत्रं तुमच्या वतीनं घेणारी व्यक्ती किंवा संस्था. तुम्ही तिथं राहता तोपर्यंत राहत्या खोलीचा पत्ता चालतो, पण भारतात परत येऊन पत्ता बदलला की हा मुद्दा येणार. परत यायच्या आधीच कुणाला नोंदवायचं ते ठरवून ठेवा, पैसे घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि विश्वासातलं कुणी नातेवाईक तिथं असेल तर ते पण चालतात.

माझं पीपीएल जुलैमध्ये झालं. त्यानंतर इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी पोर्टलवर नवीन ट्रेनिंगची नोंद टाकली, स्कूलनं त्यांच्या बाजूनं केली, परत 140 डॉलर नाहीत, परत ठसे नाहीत. ठसे परत नाहीत हे बघून मला किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही. मात्र नोंद न करता इन्स्ट्रुमेंटचा पहिला धडा घ्यायचा नाही, आणि मधे स्कूल बदललं तर नव्या स्कूलला पण पोर्टलवर तुमचं ट्रेनिंग नोंदवून घ्यावं लागतं. स्कूल बदलताना एम-1 चे व्हिसाचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते आधी बघा.

पाच वर्षांची मंजुरी म्हणजे पाच वर्षं काही बघायचं नाही असं पण नाही. पासपोर्ट नवा काढला, व्हिसा बदलला, तर ते पोर्टलवर अपडेट करावं लागतं. माझा पासपोर्ट 2027 मध्ये संपतोय, त्यामुळं मी भारतात आल्यावर पहिलं काम म्हणून तोच रिन्यू करणार आहे, नाव आणि पत्त्याचं स्पेलिंग आत्ता आहे तेच ठेवून. तुमचा पासपोर्ट दोन वर्षांच्या आत संपणार असेल तर आय-20 मागवायच्या आधीच नवा काढून घ्या, म्हणजे व्हिसा, टीएसए आणि एफएए तिन्हीकडं एकच नंबर राहील.